आमच्या रस्त्यातून गेलेली शाळेची हद्द

पॉइंट कुक, मंगळवार संध्याकाळ, लॉकडाऊन

कुठल्या घरातलं मूल कुठल्या हायस्कुलात जाणार हे ठरवणारी हद्द नव्या नकाशात आमच्या रस्त्याच्या मधोमध आली आहे. माझी लेक इरा एका शाळेत जाणार, समोरच्या घरातली तिची मैत्रीण झारा दुसऱ्या शाळेत. आज पालकांच्या झूम मीटिंगमध्ये मी कडाडून विरोध केला, सवयीने उभी राहून. कॅमेऱ्यात नुसतं माझं पोट! इराने धावत येऊन लॅपटॉप माझ्या तोंडासमोर उचलून धरला, भाषण संपेपर्यंत. मग ती मनगटं चोळत बसली. मला आधी दिसलं कसं नाही?

"हात दुखले ना गं? सांगायचंस तरी!"

"इट्स ओके, आई. तू झाराबद्दल बोलत होतीस."

आता ती ड्राइव्हवेवरून झाराला तेच हात हलवून दाखवतेय. निर्णय पुढच्या मंगळवारी. तेव्हाही असंच कडाडून बोलेन, पण खुर्चीत बसून.