तुझ्या लहान हृदयाचा आकडा

आई, तू जाऊन बारा वर्षं झाली. आज सांगलीत आमच्या हॉस्पिटलात, मी काम करते त्या हृदयाच्या तपासणीच्या खोलीत जतहून एक बाई आल्या, अगदी तुझ्या बांध्याच्या. टेबलावर झोपवताना त्यांचा दंड माझ्या मुठीत मावला, आणि तुझा तो दिवस आठवला.

वाईच्या शाळेत दीडशे पोरांची खिचडी शिजवायचीस तू. पातेलं उचलताना दम लागायला लागला. साताऱ्यात इको केला, तर हृदयाचा डावा कप्पा अडतीस टक्केच रक्त पुढे ढकलतोय असं निघालं. शिरेतून दिलेल्या औषधाच्या किरणांवरून हृदयाचं चित्र काढणारा आमचा कॅमेरा जास्त बरोबर सांगतो म्हणून मी तुला इथे आणलं. शिरेतून औषध देते आहे, छातीला वायरी लावते आहे, आणि तू म्हणतेस, "ह्यात किरणं असत्यात न्हवं? मग तू कशाला थांबलीस गं हितं? भायेर जा."

आकडा आला अठ्ठावन्न, म्हणजे अगदी ठीक. मी आनंदाने रडले. डॉक्टर म्हणाले, एवढा फरक पटत नाही, इको पुन्हा करून घेऊ. मी नको म्हणाले; साताऱ्याचा घाईत झाला असेल, असंही म्हणाले. खरं तर मला शिकवलेलं होतं, की लहान हृदय आकसलं की आतल्या भिंती कॅमेऱ्यात एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात, कप्पा जास्तच रिकामा झाला असं यंत्र धरतं आणि आकडा फुगतो. तुझं हृदय लहान होतं. पडद्यावर मी ते बघत होते.

तू पुन्हा कामावर गेलीस. फोनवर म्हणायचीस, "दम काय जाईना बघ." मी म्हणायचे, "अगं, अठ्ठावन्न आहे. वय झालं तुझं." मग तू फोन ठेवायचीस. चार महिन्यांनी भरदुपारी, शाळेत तांदूळ निवडता निवडता तू कोसळलीस. मी पोचले तोवर तुला घरी आणून निजवलं होतं.

आजच्या बाईंचाही आकडा चांगलाच आला. मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं, हृदय लहान आहे, यावर विसंबू नका. त्यांनी इको केला. आकडा बराच खाली निघाला. बाईंना ठेवून घेतलं. तुझ्या वेळी एवढंच करायचं होतं.

हे कुठे पाठवणार? दादाच्या हाती लागण्याआधी फाडून टाकेन. दोन्ही तपासण्या सारख्याच आल्या, असं मी त्याला तेव्हा सांगितलं होतं. तो अजून पाहुण्यांना सांगतो, बहिणीनं आईसाठी काही कमी ठेवलं नाही. मी ऐकून घेते.