माझ्या उजव्या मांडीतली प्लेट

मी, बबन सोमा रोकडे, वय वर्षे बासष्ट, पूर्वीचा धंदा लेथ-मिलिंगवरचा मिस्त्री, सध्या घरीच, राहणार कात्रप, बदलापूर पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. कोणी दम दिलेला नाही आणि कोणी लाडीगोडीही लावलेली नाही. उलट घरातली सगळी माणसं हे लिहू नका म्हणून माझ्या मागे लागली आहेत. याआधी मी कधी मृत्युपत्र केलं नव्हतं, त्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही.

लिहिण्याचं कारण सरळ आहे. येत्या गुरुवारी, २१ नोव्हेंबरला, मुंबईच्या एका इस्पितळात माझी उजवी मांडी उघडून आतली स्टीलची प्लेट काढणार आहेत. मांडी दुखते, पण तेवढ्यासाठी मी या वयात चिरून घेतलं नसतं. ती प्लेट मी माझ्या हाताने बनवली आहे आणि ती चुकीच्या स्टीलची आहे की काय, ते मला मरायच्या आत कळायला हवं. ती बाहेर काढून तपासल्याशिवाय कळत नाही, एक्सरेत कळत नाही, सगळ्यांना विचारून झालं. दोन वर्षांपूर्वी मला हार्टचा झटका येऊन गेला आहे. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "आजोबा, घरचं काय ते लिहून ठेवलेलं बरं." म्हणून लिहितो.

कलम १. कात्रपची राहती खोली माझी पत्नी भागीरथी हिची. ती असेपर्यंत तिचीच, तिच्यानंतर चिरंजीव भीमराव याची. भीमरावने तिला "आई, तू आता आतल्या बाजूला झोप" असं कधीही म्हणायचं नाही. खिडकीपाशी तिची जागा आहे आणि ती तिथेच राहील. भीमराव मुलगा चांगला आहे, सरकारी नोकरीत आहे, पण त्याचं एक वाक्य ऐकून माझे कान किटले आहेत. "बाबा, झालं गेलं, आता कशाला उकरून काढता?" अरे बाबा, झालं ते एका बाईच्या जन्माचं झालं. तुझं काय गेलं?

कलम २. बँकेत जे असेल ते भागीरथीचं. आकडे पासबुकात आहेत, इथे लिहीत बसत नाही.

कलम ३. माझी हत्यारं. मायक्रोमीटर, दोन व्हर्नियर, आकडे ठोकायचे पंच आणि लाकडी पेटी हे सगळं आयटीआयच्या टर्नरच्या वर्गाला द्यावं. फुकट द्यावं, पण एका अटीवर. वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहायचं: "रंगवलेलं टोक शेवटपर्यंत राखा. कापायचं ते बिनरंगाच्या टोकाकडून."

ही अट कशासाठी, ते सांगतो. आमचा कारखाना अंबरनाथला होता. मोडलेल्या हाडाला लावायच्या प्लेटा आणि स्क्रू आम्ही बनवायचो, आणि त्याच छपराखाली इस्पितळांसाठी ट्रे आणि भांडीही. दोन्ही कामांच्या स्टीलच्या पट्ट्या एकाच रॅकवर. दिसायला सारख्या, वजनाला सारख्या. अंगात घालायचं स्टील महाग, त्याच्या एका टोकाला लाल रंग. भांड्यांच्या स्टीलला निळा. ओळख काय ती तेवढी. उल्हासनगर कॅम्प तीनमधल्या ज्या सिंधी चाचाकडून पट्ट्या यायच्या, तो माणूस दरवेळी बजावायचा, "साईं, रंगवाला सिरा मत काटना, बाद में रोओगे." त्याला मी हसून हो म्हणायचो.

१९८३ च्या जून महिन्यात मी एक पट्टी रंगाच्या टोकाकडून कापली. ते टोक करवतीजवळ होतं, पट्टी फिरवायचा कंटाळा आला, दुसरं काही नाही. उरलेली पट्टी रॅकवर गेली. दुसऱ्या दिवशी हातात घेतली तर लाल होती की निळी, आठवेना. मग मी तिला चुंबक लावला. चुंबक चिकटला नाही. "चांगली आहे," म्हणालो आणि तिच्या अकरा प्लेटा काढल्या. चुंबक दोन्हीला चिकटत नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं, असं म्हणायला मला आवडलं असतं. थोडंफार माहीत होतं. मनाची समजूत घालायची म्हणून लावला. अकराही प्लेटांवर मी माझ्या पंचाने ८३/७, म्हणजे त्र्याऐंशी सालचा सातवा लॉट, असा आकडा ठोकला.

त्यातली एक माझ्या मांडीत आहे. त्याच वर्षी डिसेंबरात कारखान्याच्या फाटकाशी मला टेम्पोने उडवलं. तेव्हा प्लेट पेशंटच्या माणसांनीच आणून द्यायची असायची. मालकाने कपाटातून काढून दिली, वर मोठ्या मनाने म्हणाला, "घरचाच माल आहे." ऑपरेशनच्या आधी मी ती उलटसुलट करून पाहिली. ८३/७. तेव्हा मला अभिमान वाटला होता, म्हणजे बघा माझी अक्कल.

कलम ४. माझे मेहुणे रामभाऊ यांची सुयांची डबी माझ्याकडे राहिली आहे, ती त्यांना परत करावी. रामभाऊंनी उल्हासनगरला दहा दिवसांच्या शिबिरात चिनी सुया टोचायची विद्या घेतली आणि पहिला गिऱ्हाईक मला केलं. मांडीत चौदा सुया. खोटं कशाला बोलू, दोन दिवस बरं वाटलं. पण रामभाऊ लगेच म्हणायला लागले, "भावजी, धातू काढायची गरजच नाही, आपण तो सुयांनी शांत करू." मी म्हटलं, तिकडे चीनमध्ये डॉक्टर लोक सुया आणि पाला मोजूनमापून तपासतायत, कोणाला गुण आला, कोणाला नाही आला, सगळं लिहून ठेवतायत. तुम्ही काय लिहिलंत? ते रागावून गेले ते गेलेच. त्यांनी तेराव्याला, नाही, आमच्यात तेरावा नसतो, जलदान विधीला यावं आणि जेवून जावं. माझा राग नाही. डबी घेऊन जावी.

कलम ५. आता प्लेट. हेच मुख्य कलम आहे, कोणी गाळू नये.

मी ऑपरेशनच्या टेबलावरच मेलो तरी ती प्लेट काढूनच घ्यायची. तोपर्यंत मला जाळायचं नाही. भीमराव, तू तिथे रडत बसू नकोस, आधी प्लेट ताब्यात घे. धुवायची नाही, पुसायची नाही. डॉक्टर देतील त्या बाटलीतून ती धातुशास्त्राच्या संशोधक बाईंकडे पोचवायची. माणसांच्या अंगातून काढलेल्या प्लेटा त्या जमा करतात आणि कुठे गंज धरला, कुठे चीर गेली, हे भिंगाखाली बघून लिहून ठेवतात. अकरा वर्षांत मी एकूण तेवीस पत्रं लिहिली: इस्पितळांना, सरकारी खात्याला, मालकाला. उत्तर आलं ते या एका बाईंचं. "बारा वर्षं अंगात राहिलेली आणि कुठल्या पट्टीची ते ठाऊक असलेली प्लेट आम्हाला मिळतच नाही," असं त्यांनी लिहिलं. आता प्लेटीऐवजी हाडासारखीच एक भाजलेली माती बनवतायत म्हणे, शरीर तिला आपलंच समजतं. चांगलं आहे. पण आधी आम्ही जे घालून ठेवलंय त्याचा हिशोब कोण घेणार, असं मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही आणा, मी बघते."

अकरातल्या नऊ प्लेटा कोणाच्या अंगात आहेत, त्याचा पत्ता लागला नाही. कारखान्याच्या वहीत नुसती इस्पितळांची नावं. दहावी माझी. अकरावी तानीची होती.

तानी ही बारवी धरणाच्या बाजूच्या हेद्याच्या वाडीची. १९८४ साली उतारावरून घसरून तिची मांडी मोडली, तेव्हा ती बावीस वर्षांची होती. प्लेट बसवली आणि पुढच्या वर्षी ती आतल्या आत मोडली. इस्पितळाने कारखान्याला कळवलं. मालकाने मला पाठवलं. डॉक्टरांनी मोडकी प्लेट माझ्या हातावर ठेवली. ८३/७. डॉक्टर म्हणाले, "या लोकांना सांगून उपयोग नाही. सहाव्या आठवड्यात मोळी उचलली असणार." तानी खाटेवरून म्हणाली, "मी मोळी नाय उचलली, दादा. आईची आन." दादा मलाच म्हणाली.

मी कारखान्यात परत आलो. मालकाने कागद टाइप करून ठेवला होता: रुग्णाने मनाई असताना डोक्यावरून ओझे वाहिले, त्यामुळे प्लेट मोडली, मालात दोष नाही, पाहणी करणार बबन सोमा रोकडे. मी सही केली. मोडकी प्लेट संध्याकाळी भंगारात गेली. तो कागद इस्पितळात तिच्या नवऱ्याला, कान्हाला, वाचून दाखवला. सांगितलेलं ऐकत नाही असली बाई मला नको, म्हणून त्याने तिला आईकडे आणून सोडली आणि दुसरी केली. तिचा पाय दोन इंच आखूड राहिला. आज वाडीवर कोणाचं पोर ऐकेनासं झालं, की त्याला तिचं नाव घेऊन दटावतात.

गेली आठ वर्षं ती बदलापूर स्टेशनच्या बाहेर भाजी घेऊन बसते. मी रोज तिच्याकडूनच भाजी घेतो आणि घरी भागीरथी म्हणते, पावसाळाभर रोज रोज रानभाजी, शेवळं नाहीतर टाकळा, दुसरं काही मिळत नाही का हो बाजारात? आठ वर्षं मी तिच्यासमोर पिशवी धरून उभा राहिलो, आणि तिला त्या पट्टीचं सांगितलं गेल्या महिन्यात, ऑपरेशनची तारीख मिळाल्यावर. तिने ऐकून घेतलं. जुडी बांधून दिली.

म्हणून या कलमाने मी लिहीत होतो, की प्लेट भांड्यांच्या स्टीलची निघाली तर बाईंचा तो कागद हेद्याच्या वाडीवर कान्हासमोर मोठ्याने वाचावा, आणि माझ्या नावची पोस्टातली ठेव तानीला द्यावी.

कलम ६. अंत्यविधी साधा. त्रिशरण, पंचशील, बस. पंचशील म्हणताना मी चौथ्या शीलाला, म्हणजे खोटं न बोलण्याच्या, नुसते ओठ हलवतो. विहारात कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या वेळी सगळ्यांनी ते मोठ्याने म्हणावं.

इथवर शुक्रवारी लिहून झालं होतं. सही बाकी होती. शनिवारी तानी घरी आली. पहिल्यांदाच आली. मी तिला पाचवं कलम वाचून दाखवलं. मला वाटलं, बरं वाटेल तिला. ती म्हणाली, "ठेव नको मला. येक इचारू? तुमी मला मोळी उचलताना बघितलंत?"

मी म्हटलं, "नाही."

"मंग लिवलंत कशाला?"

"मालकाने कागद तयार..."

"मालकाचं ऱ्हाऊ द्या. सही कोणाची?"

"माझी."

"मंग त्याला तुमचा पाय कशाला फाडाया लागतोय? पत्रा कसलाबी निघंल. तुमी बघितलं नव्हतं, येवढं तर तवाच सांगता येत व्हतं. आज बी येतंय."

भागीरथी चहाचे कप घेऊन दारात उभी होती. मला इतकी लाज वाटली, की खाली बघत बसलो. अकरा वर्षं मी स्टीलचा निकाल लागायची वाट बघत होतो. निकाल चांगला निघाला असता तर मी सुटलो असतो, असं मनात कुठेतरी धरून होतो. तेवीस पत्रं लिहिली, त्यातल्या एकाही पत्रात माझ्या सहीचं लिहिलं नाही.

कलम ७. सबब पाचवं कलम दुरुस्त करतो. १९८५ साली मी सही केलेला कागद खोटा आहे. तानीने ओझं वाहिलेलं मी पाहिलं नव्हतं, कोणीच पाहिलं नव्हतं. प्लेट कुठल्याही स्टीलची निघो, हे विधान बदलणार नाही. ऑपरेशन होईल, पण ते बाकीच्या नऊ जणांसाठी. निकाल काही आला तरी बाईंनी तो छापावा, माझ्या नावासकट. पोस्टातली ठेव त्या नऊ जणांचा शोध घेण्यासाठी भीमरावने वापरावी. त्याला उकरायचा कंटाळा आहे, म्हणून मुद्दाम त्याच्यावर टाकतो.

हे मृत्युपत्र मी आज रविवारी हेद्याच्या वाडीवर खळ्यात उभा राहून पहिल्या ओळीपासून वाचलं. भाताची झोडणी चालू होती, ती थांबवली. शेजारचे शंकरराव मास्तर सोबत होते. वाचून झाल्यावर कान्हाने विचारलं, "म्हंजे ती खरं बोलत व्हती?" मी हो म्हणालो. त्याने हातातली पेंढी खाली ठेवली. मग मला म्हणाला, "आता सांगून काय करू मी याचं?" मास्तरांनी विचारलं, दुसरा साक्षीदार कोण? कोणी पुढे येईना. तेव्हा तानी लंगडत खळ्यात आली, शाईची डबी कान्हासमोर धरली आणि म्हणाली, "लाव अंगठा."

लिहून देणार: (सही) बबन सोमा रोकडे

साक्षीदार, ज्यांच्या समक्ष मी सही केली आणि ज्यांनी माझ्या समक्ष केली:
१. (सही) शंकरराव मास्तर, राहणार कात्रप
२. (डाव्या हाताचा अंगठा) कान्हा, राहणार हेद्याची वाडी. सर्व मजकूर ऐकला.

मूळ प्रत तानीकडे राहील.

ठिकाण: हेद्याची वाडी
दिनांक: १७ नोव्हेंबर १९९६