चारशे बारा मतं आणि दहा सह्या

२ सप्टेंबर, दुकान उघडायच्या आधी
आणि पान चौदावर मी कुठे? ‘इतर’मध्ये. मास्तरनं आपल्या मतदारसंघाचा चाळीस वर्षांचा इतिहास छापलाय, गुळगुळीत कागद, वर रंगीत कव्हर, आणि त्यात मी इतर. गिरणीवाल्याचा फोटो अर्धं पान. तो तीनदा निवडून आला कारण त्याच्यासमोर उभं राहायला कोणी नव्हतं, यात कसली मर्दुमकी. मग दोनदा वकील. वकील पक्ष बदलायचा, शर्ट बदलायचा नाही. कॉलर मी बघितलीय, आतून काळी. मग शाळा चालवणाऱ्या मोठ्या बाई, त्या एकदाच. मग ठेकेदार, तो अजून खुर्चीतून उठायला तयार नाही. गिरणीवाला सोडला तर या सगळ्यांच्या कपड्यांना आमच्या दुकानात इस्त्री झालीय. माणूस निवडून येणार की पडणार ते मला त्याच्या पायजम्यावरून कळतं. मास्तरला पुस्तकं वाचूनही कळत नाही.

दहा वर्षांपूर्वी मी अपक्ष उभी होते. ठेकेदार २८७ मतांनी आला, मोठ्या बाई पडल्या, मला पडली ४१२. म्हणजे बाईंना पाडलं कोणी? मी. ठेकेदाराला आमदार केलं कोणी? मी. हे चौथी शिकलेल्या बाईला कळतं आणि मास्तरला कळत नाही? कळतं. मुद्दाम केलंय. कोणीतरी करायला लावलंय.

ठरवलं: मास्तरला जाब विचारायचा. आणि यंदा परत उभं राहायचं. अर्जाची शेवटची तारीख २४, दुपारी तीन.

५ सप्टेंबर
मास्तरकडे गेले. म्हणाला, तक्त्यात पहिल्या तिघांचीच नावं बसतात. मी विचारलं, असं करायला तुम्हाला कोणी सांगितलं. म्हणाला, कोणी नाही. फार पटकन म्हणाला. वर म्हणतो, तुमच्याबद्दल पान पंधरावर खाली टीप आहे, ती वाचा. अक्षर मुंगीएवढं. चष्मा दुकानात राहिलेला.

संध्याकाळी सुनेकडून वाचून घेतली. ‘या निवडणुकीत एकाच नावाच्या दोन महिला उमेदवार होत्या. अपक्ष उमेदवारास ४१२ मते मिळाली, ती निर्णायक ठरली.’ सुनेनं पुस्तक मिटलं. मी म्हटलं, तोंड का पाडलंस, चांगलं लिहिलंय की. ठेकेदाराला टीप आहे का? नाही. गिरणीवाल्याला? नाही. मला आहे.

माझं आणि मोठ्या बाईंचं नाव एकच होतं, आडनावासकट, हे खरं. त्यात काय एवढं. मी तिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी आहे. माझं बारसं आधी झालं. म्हणजे नाव तिनं घेतलं.

तिचं चिन्ह घागर, माझं बादली. नळावर उभ्या असलेल्या बाईला विचारा, घागर सोयीची की बादली. लोक विचार करून मत देतात.

८ सप्टेंबर, रात्रीचं जेवण झाल्यावर
जुनं सगळं नीट लिहून ठेवते, उद्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तर लागेल.

त्या वर्षी मी दुकानात पाणीखात्याच्या माणसाला झापत होते, आठ दिवस नळ कोरडा म्हणून. तेवढ्यात पेट्रोलपंपवाला आत आला. ठेकेदाराचा जिगरी दोस्त. मला म्हणाला, ताई, समाजाला तुमच्यासारख्या माणसांची गरज आहे. त्याच संध्याकाळी जीप आली. अपक्षाला दहा सूचक लागतात, म्हणजे अर्जावर सही करणारे याच मतदारसंघातले दहा मतदार. ते दहाही जीपमधूनच उतरले. माझी ओळख एकाशीही नव्हती, पण त्यांना मी माहीत होते. याला म्हणतात लोकप्रियता. प्रचाराला मी फारशी गेले नाही, पंपवाला म्हणाला, तुम्ही घरात बसा, तुमचं नावच पुरे.

पाच वर्षांपूर्वी परत उभी राहिले. या वेळी स्वतः दारोदार फिरले, घसा बसला. २३ मतं. मोठ्या बाई त्या वेळी उभ्या नव्हत्या, त्यामुळे लढतीत रंगच नव्हता. तरी ३८९ माणसं एकदम जातात कुठे? आमच्या केंद्रावर मला तीन मतं. घरात मतं तीन: मी, हे आणि मुलगा. म्हणजे गल्लीतल्या एकानंही दिलं नाही? शक्य नाही. तर मग गल्लीतल्या दोघांनी दिलं असणार आणि आमच्या दोघांनी नाही. मी यांना विचारलं. हे म्हणाले, अगं मत गुप्त असतं. पाच वर्षं गुप्तच आहे.

११ सप्टेंबर
सह्या गोळा करायला सुरुवात. दहा म्हणजे काहीच नाही. ४१२ मधले दहा.

यांनी सही केली. आधी अर्ज दोनदा वाचला, जसं मी घर विकतेय.

मुलगा ठेकेदाराच्या ऑफिसात कामाला. म्हणतो, आई, माझी नोकरी घालवशील. मी म्हटलं, ठेकेदाराला आमदार मी केलाय, तो कसा काढेल. तो डबा घेऊन गेला.

सुनेचं नाव अजून माहेरच्या यादीत, पलीकडच्या मतदारसंघात. लग्नाला चार वर्षं झाली. तिला म्हटलं, मुद्दाम ठेवलंयस ना तिकडे? ती म्हणाली, "आई, फॉर्म तुम्हीच हरवलात. इस्त्रीखाली ठेवला होतात." असेल.

एक सही झाली. नऊ राहिल्या.

१५ सप्टेंबर
शिंप्याला विचारलं. मागच्या वेळी त्यानं सही केली होती. आता म्हणतो हात दुखतो. काजं करताना दुखत नाही. औषधवाला म्हणतो, दुकानदारानं राजकारणात पडू नये. समोरच्या वहिनी म्हणाल्या, विचारून सांगते. कोणाला विचारणार? नवरा वारून सहा वर्षं झाली.

सगळ्यांना कोणीतरी भेटून गेलंय. एकजात सगळे नाही म्हणतात म्हणजे आधी ठरलेलं असणार. मी यांना तसं म्हटलं. हे म्हणाले, किंवा सगळ्यांना खरंच नको असेल. यांच्यावरही लक्ष ठेवायला हवं.

पंपवाल्याला फोन केला, चार वेळा. उचलत नाही. निवडणुकीत कामं असतात. त्याचे सहा पांढरे शर्ट माझ्याकडे आहेत, न्यायला येईलच.

१८ सप्टेंबर
मोठ्या बाईंकडे गेले. का जाऊ नये? मतदार आहेत, रिकाम्या आहेत, आणि पडल्याला आता दहा वर्षं झाली, राग गेला असेल. पहिल्या मजल्यावर राहतात, गुडघे गेलेत. भिंतीवर शाळेचे ग्रुप फोटो. मला बघून हसल्या. म्हणाल्या, या, स्वतःच्याच नावाच्या माणसाला हाक मारायला मजा वाटते.

मी म्हटलं, बाई, गेलं ते गेलं, तुम्हाला मी पाडलं त्याचं मनात ठेवू नका. त्या म्हणाल्या, ठेवलं नाही. मग एक गोष्ट सांगितली. त्यांची सख्खी काकू, पंच्याऐंशीची, मतदान करून आली आणि कौतुकानं म्हणाली, पोरी, तुझ्या नावापुढचं बटण दाबलं, पाणी भरायचं काहीतरी चित्र होतं, बादली. बाई सांगताना हसत होत्या, डोळे पुसत होत्या.

म्हणजे त्यांच्या काकूचंही मत मला. सख्ख्या काकूचं. हे मास्तरला सांगितलं पाहिजे, टिपेत घालायला.

सही मागितली. त्यांनी लगेच केली. सूचकाच्या जागी माझंच नाव लिहिलेलं दिसलं, जरा विचित्र वाटलं. कागद परत देताना धरून ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्हाला खरंच कधी वाटलं नाही?"

मी म्हटलं, काय वाटायचं? त्या म्हणाल्या, काही नाही, जिना जपून उतरा.

ही बाई आतल्या गाठीची. पण सही झाली. दोन.

२१ सप्टेंबर
पंपवाल्याची जीप दिसली. दूधवाल्याच्या दारात. मी माझी पिशवी सावरत उभी राहिले, म्हटलं आता इकडेच येणार, रस्त्यात दूधवाल्याकडे थांबला असेल. जीपमधून माणसं उतरली. मी मोजली. दहा. एकेक करून ओट्यावर सही करून परत जीपमध्ये.

दूधवाला हात पुसत उभा. आयुष्यात त्यानं दुधात पाणी घालण्यापलीकडे काही केलेलं नाही. पंपवाला त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, मी कानांनी ऐकलं, "दादा, समाजाला तुमच्यासारख्या माणसांची गरज आहे."

तसंच. तोच सूर, ‘गरज’वर तसाच जोर.

मी पुढे गेले नाही. घरी येऊन सुनेला विचारलं, यंदा ठेकेदारासमोर कोण उभं आहे. म्हणाली, ते तरुण डॉक्टर. मी म्हटलं, त्यांचं पूर्ण नाव काय. तिनं सांगितलं. दूधवाल्याचं तेच आहे. आडनावासकट.

योगायोग. या मतदारसंघात सारख्या नावांची फार दाटी झालीय.

२२ सप्टेंबर
इस्त्री करताना यांचा शर्ट जाळला. वीस वर्षांत पहिल्यांदा. हे तोच घालून फिरले. त्याचाच जास्त राग आला.

२३ सप्टेंबर
मास्तर कपडे द्यायला आला. बसला. मी विचारलं, टिपेत ते ‘एकाच नावाच्या’ का घातलं. तो म्हणाला, आधी मी दुसरा शब्द लिहिला होता, मग तुमच्या मुलाकडे बघून बदलला. कोणता शब्द? म्हणाला, राहू द्या. मी त्याच्या धोतराला जास्तीचा स्टार्च घातला. फुकट. का घातला माहीत नाही.

मुलगा, हे, शिंपी, मास्तर, सगळ्यांना माहीत होतं असं धरलं तर दहा वर्षं सगळे माझ्यासमोर गप्प बसले. एवढा मोठा कट मी अजून पाहिलेला नाही.

२४ सप्टेंबर, दुपारी सव्वातीन
गेले होते. दोन सह्यांचा अर्ज हातात. रांगेत दूधवाला माझ्या पुढे, नवा पांढरा शर्ट, घडी बाजारातली, खांद्यावर अजून टाचणी. त्याला म्हटलं, टाचणी काढ, टोचेल. त्यानं विचारलं, ताई, निवडून येईन ना मी? काय सांगणार. म्हटलं, तुला पुष्कळ मतं पडतील. खूश झाला बिचारा.

माझा नंबर आला नाही. म्हणजे आला, मी मागच्याला पुढे जाऊ दिलं.

२४ सप्टेंबर, रात्री
पंपवाल्याला देण्यासाठी चिठ्ठी. उद्या सून चांगल्या अक्षरात लिहील.

पंपवालेदादा, मला बाकी काही विचारायचं नाही. जीप कोणाची, माणसं कोणाची, डिपॉझिट कोणी भरलं, सोडून द्या. एकच. त्या दिवशी तुम्ही दुकानात आलात तेव्हा मी नळासाठी भांडत होते. ते ऐकून आत आलात, की बाहेर पाटीवर माझं नाव वाचून? ऐकून आला असाल तर, मी काय बोलत होते ते सांगा. थोडं जरी आठवत असलं तरी चालेल. एक वाक्य.

रविवारी दुपारी बारापर्यंत उत्तर पाहिजे. स्वतः येऊन सांगा, फोनवर नको. सहा शर्ट तोवर माझ्याकडे राहतील.