अठ्ठेचाळीस नंबरचं लेबल

सोमवार, ९ ऑक्टोबर २०२३

आईच्या कपाटाचा शेवटचा खण आज रिकामा केला. तिला जाऊन सात आठवडे झाले. तळाशी माझा लहानपणचा स्वेटर — निळा, छातीवर पांढरे पट्टे, मानेत तपकिरी लेबल, त्यावर सोनेरी धाग्यात ‘तुओमेला’. गावच्या गिरणीचा माल! आई तिथेच लेबलं शिवायची. मी नऊ वर्षांचा होतो, म्हणजे साल १९६६.

गिरणीच्या संग्रहालयाला मुलांचे जुने स्वेटर हवे आहेत. जुन्या कामगार बायका दर मंगळवारी तिथे जमतात, लोकांनी आणलेला माल ओळखून साल सांगतात. उद्या नेतो.

मंगळवार, १० ऑक्टोबर

नेला नसता तर बरं झालं असतं.

रंगखात्याच्या जुन्या खोलीत पाच-सहा बायका, कॉफी, वेलचीचा पाव. त्यांतल्या लेम्पीबाईंनी मला दारातच ओळखलं. ‘हिल्याचा रौनो ना तू? जमीन-मोजणी ऑफिसातला? कान तेच आहेत अजून!’ हिल्या म्हणजे आई. सगळ्या हसल्या. सिल्वीबाई हसल्या नाहीत. गिरणीत त्या आईच्या शेजारी, एकाच टेबलावर बसायच्या. दफनाच्या दिवशी पुष्पचक्र घेऊन आल्या होत्या.

मी ऐटीत सांगितलं — तुओमेला, सहासष्ट साल.

‘लेबलाला काय विचारतोस? लेबल खोटं बोलतं. उलटा कर,’ लेम्पीबाई म्हणाल्या. उलटा केला. त्यांनी बाजूच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. ‘लेबल सहासष्टचंच. पत्त्यात टपालाचा आकडा नाही, धुण्याच्या खुणा नाहीत, ते सगळं नंतर आलं. पण हा आमचा नव्हे रे. मशीनचं कापड कापून शिवतात, कडेला साखळी टाका दिसतो. इथे कापलेलंच नाही काही. काखेत टाके एकेक करून कमी केलेत. हातचा आहे हा. सूत मात्र गिरणीचं — उरलेलं सूत आम्हाला घरी न्यायला मिळायचं.’

मग चष्मा वर करून त्यांनी लेबल वाचलं. ‘आणि हे बघा गं! साइझ अठ्ठेचाळीस! पुरुषाचं लेबल पोराच्या मानेत!’

पुन्हा हशा. सिल्वीबाई कप विसळायला उठल्या.

बुधवार, ११ ऑक्टोबर

स्वेटर खुर्चीवर आहे. घडी घालवत नाही.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

लिहूनच टाकतो.

आधीचा स्वेटर राखाडी होता. तोही आईनेच विणलेला. वर्गात सगळ्यांचे दुकानातले होते. वेयो — गिरणीच्या फोरमनचा मुलगा — म्हणायचा, ‘रौनोची आई मेंढीच घालते त्याच्या अंगात.’ मी घरी येऊन तो स्वेटर सरपणाच्या पेटीत कोंबला. आईला म्हणालो, ‘मला खरा हवा. तुझा नको.’

मग नाताळच्या आधी हा निळा आला. कागदात गुंडाळलेला, दुकानातल्यासारखा. मी आधी त्याची मान उलटवून लेबल पाहिलं. ‘आता कसा, खरा!’ असं म्हणालो. ती म्हणाली, ‘बसतोय ना नीट?’

मंगळवार, १७ ऑक्टोबर

परत गेलो. विचारलं — आईकडे लेबल आलं कसं?

लेम्पीबाईंनी कप खाली ठेवला. ‘तुला माहीत नाही होय? लेबलं मोजून मिळायची, उरलेली मोजून परत. एक कमी भरलं. तेवढ्यावर काढलं तिला. तुझ्यासाठी होतं ते, हे आम्हाला तरी कुठे ठाऊक!’

आई म्हणाली होती, डोळे दुखतात, म्हणून सोडलं.

गुरुवार, १९ ऑक्टोबर

काढून टाकल्यावर तिने शाळेत फरशा पुसायचं काम धरलं. माझ्याच शाळेत. मधल्या सुट्टीत ती बादली घेऊन जिन्यापाशी असायची. मी दुसऱ्या जिन्याने उतरायचो. एकदा समोरच आली. वेयोबरोबर होतो. मी भिंतीकडे बघत गेलो.

अंगात तोच निळा स्वेटर!

तिने घरी विषय काढला नाही. पण त्यानंतर सुट्टीत ती जिन्यापाशी कधी दिसली नाही. सुट्टी झाली की तळघरात जाऊन थांबत असे, हे मला शाळा सोडताना शिपायाने सांगितलं.

मंगळवार, २४ ऑक्टोबर

गेलो नाही.

आज आठवलं ते असं — निळा स्वेटर घालून गेलो त्या पहिल्याच दिवशी मी वेयोला लेबल दाखवलं. त्यानेच आकडा वाचला. ‘अठ्ठेचाळीस? बापाचा ढापलास काय?’ त्याचा बाप फोरमन. लगेच पुढच्या आठवड्यात आई घरी बसली.

मीच. दुसरं कोण?

शनिवार, ४ नोव्हेंबर

सर्व संतांचा दिवस. कबरस्तानात मेणबत्त्याच मेणबत्त्या. आईच्या दगडापाशी सिल्वीबाई आधीच उभ्या होत्या. वाऱ्याने त्यांची मेणबत्ती पेटेना. मी पेटवून दिली. का कुणास ठाऊक, सांगून टाकलं सगळं — वेयो, लेबल, आकडा. ‘माझ्या फुशारकीने तिची नोकरी गेली,’ म्हणालो. इतकं सलग मी कुणाशी बोलत नाही.

त्यांनी हातमोजे घातले. ‘थंडी आहे. घरी जा बाळा,’ म्हणाल्या, आणि निघून गेल्या. सहासष्ट वर्षांच्या माणसाला बाळा!

रविवार, ५ नोव्हेंबर

सिल्वीबाईंचा फोन. एका दमात बोलल्या. ‘तुझ्यामुळे नाही रे. वेयोचं कुणी ऐकलं नव्हतं. लेबल कमी भरलं, टेबलावर आम्ही दोघीच. आळ माझ्यावर येईल म्हणून मी हिल्याचं नाव सांगितलं. मीच सांगितलं हे तिला माहीत होतं. तरी सत्तावन्न वर्षं माझ्याबरोबर कॉफी प्यायली.’ पुढे नुसतं रडणं. त्र्याऐंशी वर्षांची बाई.

काहीतरी बोलायला हवं होतं. मला हलकं वाटत होतं. तिकडे म्हातारी रडत होती, आणि मला हलकं वाटत होतं.