चेहरा स्पष्ट दिसावा

३ फेब्रुवारी

मुख्य कार्यालयाचं पत्रक आलं. आमच्या मदत शाखेच्या वार्षिक अहवालात यंदापासून प्रत्येक लाभार्थ्याचा फोटो हवा — वस्तूसह, चेहरा स्पष्ट दिसावा! नाहीतर एप्रिलपासून शाखा बंद, खोली रिकामी करा.

एकवीस वर्षं आम्ही आजाऱ्यांना वस्तू वापरायला देतो. कुबड्या, चाकाची खुर्ची, कमोडची खुर्ची, हवेची गादी. बरं वाटलं की परत आणायची. वहीत फक्त वस्तूचा नंबर आणि तारीख. नाव नाही! न्यायची मागच्या दाराने, चादरीत गुंडाळून. लोक येतात ते म्हणूनच.

अध्यक्ष म्हणतात, "सिस्टर, फोटो काढल्याने कुणाच्या अंगाला भोकं पडत नाहीत." समितीने माना डोलावल्या. नंदीबैल सगळे!

५ फेब्रुवारी

आज मी मूर्खपणा केला. घाबरून केला. गणिताचे मास्तर कमोडची खुर्ची न्यायला आले होते. बायको दोन महिने अंथरुणाला खिळलीय. खुर्ची रिक्षात चढवली, आणि मी म्हटलं, "मास्तर, एक फोटो…" पत्रकही दाखवलं. त्यांनी वाचलं. चष्मा पुसला. खुर्ची स्वतःच खाली उतरवली.

"राहू द्या सिस्टर. आम्ही भागवू."

भागवू म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. तीस वर्षं वॉर्डात काढलीत. लाज वाटली स्वतःची. जेवण गेलं नाही.

६ फेब्रुवारी

खुर्ची मीच पोचवली. मास्तर दार उघडेनात. ओरडून सांगितलं, "पत्रक फाडून टाकलं!" तेव्हा उघडलं. (खोटं बोलले. घरी येऊन मग फाडलं.)

यापुढे एकाचाही चेहरा देणार नाही. एकाचाही!

२० फेब्रुवारी

अध्यक्ष भर बैठकीत — "शाखा बुडाली तर तुमच्यामुळे!" "बुडू दे!" बोलून बसले. पण नंतर कपाट आवरताना वही उघडली. गेल्या वर्षात एकतीस घरांत वस्तू गेल्या. शाखा गेली तर ती माणसं कुणाच्या दारात जाणार?

घरी हे म्हणाले, "तुला कुणी सांगितल्यात नसत्या उचापती?"

कुणी नाही. माझं मीच सांगते.

११ मार्च

सुचलं! अध्यक्षांकडची पत्रकाची प्रत पुन्हा वाचली. नाव मागितलेलंच नाही. नुसता फोटो. फोटो हवा ना? घ्या!

आमच्या गाद्यांच्या खोळी शिवणारे शिंपीकाका मोबाईल घेऊन आले. एकतीस फोटो काढले. एकतीसही फोटोंत मी! तीच साडी, तोच चष्मा. चाकाच्या खुर्चीत अकरा वेळा बसले. काका म्हणे, "सिस्टर, जरा कण्हल्यासारखं करा." मला काय धाड भरलीय कण्हायला? कमोडच्या खुर्चीवर तर महाराणीसारखी बसले. काकांना हसू आवरेना, चार फोटो हलले, परत काढले.

अध्यक्षांना पत्ता लागू दिला नाही. फोटो छापून घेतले, पाकीट स्वतः टपालात टाकलं. होऊ दे काय व्हायचं ते.

२९ मार्च

मंजुरी आली! शाखा चालू! म्हणजे एवढा आटापिटा, आणि फोटो धड कुणी बघितलेच नाहीत. अध्यक्ष मिशीला पीळ देत, "मी म्हणत नव्हतो?" म्हणा बापडे.

मास्तरांच्या बायकोला आता गादीही लागणार. उद्याच पाठवते. मागच्या दाराने.

१६ एप्रिल

छापील अहवाल आला. गल्लोगल्ली वाटलाय. मुखपृष्ठावर — मी! काखेत कुबड्या. खाली ठळक अक्षरांत: 'निराधार वृद्धेला मदतीचा हात'.

निराधार! आणि माझे हे आतल्या खोलीत घोरतायत. पोट धरून हसले.

१७ एप्रिल

वाण्याने मी न मागितलेला साबण पिशवीत टाकला. माझ्याकडे बघितलं नाही. मी परत काढायला लागले, तर हळूच म्हणाला, "असू दे हो आजी."

साबण पदराखाली झाकून घरी आले. मी!