मासा गाळलेला उपदेश

प्रिय मानासेदादा,

तू लेकीकडे ऑकलंडला गेलास त्याला दोन वर्षं होत आली. तिथल्या थंडीत तुझे गुडघे काय म्हणतात? लेक तुला घरातसुद्धा मोजे घालायला लावते असं कळलं आणि मी एकटाच खो खो हसलो. इकडे आपल्या हापाई बेटांवर सगळं जसंच्या तसं आहे. गुरुवारी बोट येते, म्हणजे आली तर येते. तुझ्या मळ्यात पुतण्या कोनफळं लावतो, पण ओळी अशा वेड्यावाकड्या की बघवत नाहीत. हे तुला दुसरं कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगितलं.

परवाच्या रविवारी एक गंमत झाली. योनाच्या गोष्टीवर माझा उपदेश होता. उलटताना दोन पानं एकदम उलटली गेली. खलाशांनी योनाला समुद्रात फेकलं, आणि पुढच्याच वाक्यात निनवे शहर पश्चात्ताप करायला बसलं. मधे योनाला गिळणारा मासाच गायब! मी चपापून वर पाहिलं, तर सगळं चर्च नेहमीसारखं शाबासकी देत ओरडलं, "मालिए! मालिए!" फाकाफानुआ आजोबा तर डोळे पुसत होते. बाहेर पडताना माझा हात धरून म्हणाले, "वा, पाळकसाहेब! आज तर तुम्ही कमालच केलीत!" मासा कुठे गेला, हे एकानेही विचारलं नाही.

तेव्हा तुझी फार आठवण आली. माझ्या पहिल्या उपदेशाला असंच सगळे "मालिए" म्हणून ओरडत होते, आणि तिसऱ्या बाकावर तू हाताची घडी घालून गप्प. मला इतका राग आला होता! दुसऱ्या दिवशी तू मला मळ्यात नेलंस, हातात कुदळ दिलीस आणि म्हणालास, "सायया, काल तू देवाबद्दल बोलत होतास की देवासमोर मिरवत होतास?" मी फणफणलो. तू शांतपणे कोनफळ भाजलंस, अर्धं मला दिलंस, आणि मग आपण दोघांनी तिथेच मातीत बसून प्रार्थना केली. मी जो काही पाळक झालो तो त्या मळ्यात झालो, पाठशाळेत नव्हे. पुढे मीही तुला सुनावलं होतं, की वृंदगानात तुझा सूर म्हशीसारखा लागतो. दोन रविवार तू तोंड उघडलं नाहीस. तिसऱ्या रविवारी हसत आलास आणि म्हणालास, "बरं झालं सांगितलंस. बायको चाळीस वर्षं घाबरून गप्प होती."

लोसालिने गेली, माझा संसार संपला, हे तुला तेव्हाच कळवलं होतं. लोकांनी काही कमी केलं नाही. रात्रभर भजनं गायली, माझ्या कमरेला शोकाची मोठी चटई बांधली, आणि जो तो म्हणाला, "पाळकसाहेब, तुमची श्रद्धा खडकासारखी." त्याच रविवारी मी पुनरुत्थानावर बोललो. मालिए! अजूनही दर रविवारी घरोघरच्या उमूतलं, जमिनीतल्या भट्टीत भाजलेलं जेवण माझ्या ओट्यावर येतं. केळीच्या पानांत मासे, अळू, डुकराचं मांस. ठेवतात, आदराने वाकतात आणि निघून जातात. पाळकाच्या पंगतीला कोण बसणार? ती होती तेव्हा म्हणायची, "तू बोलून त्यांचं तोंड बंद करतोस, आणि ते जेवण पाठवून तुझं." आता मी एक पान उघडतो, बाकीची शेजारच्या कुत्र्यांना घालतो. फार एकटं वाटतं, दादा. चर्च भरलेलं असतं तेव्हा जास्तच.

आता खरं सांगतो. ती पानं चुकून उलटली नव्हती. गाळलेल्या पानावर योनाची प्रार्थना होती, माशाच्या पोटातून केलेली. ती वाचायला माझी जीभ उचलेना. लोसालिने गेल्यापासून माझ्याने प्रार्थना झालेली नाही. लोकांसमोर शब्द म्हणतो, घरी आल्यावर गुडघे टेकतो आणि नुसता बसून राहतो. हे इथे कुणाला सांगू? सांगितलं तर त्यालाही "मालिए" म्हणतील. जूनच्या धर्मसभेत पाळकपद सोडतो म्हणून सांगावं असं मनात पक्कं होत चाललंय. त्याआधी एकदा ये. लेक गुडघ्यांचं कारण सांगेल, तरी ये. तिसऱ्या बाकावर हाताची घडी घालून बस. मी योनाचा उपदेश पुन्हा करीन, या वेळी मासा न गाळता. जमलं नाही, तर सगळं चर्च ओरडत असताना तू तेवढा गप्प राहा. मग मला मळ्यात ने आणि मी सोडू की राहू ते तोंडावर सांग. आणि दादा, प्रार्थना तू कर. मी नुसता शेजारी बसेन.

तुझ्या गप्प बसण्याची वाट पाहणारा,
तुझाच,
सायया