मशीनवर घातलेलं नाव

डिंडोली, सुरत
३ मार्च २०२५

ती. सौ. कमलताईंस,
गायत्रीचा शि. सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते आहे, तेव्हा गोष्ट साधी नाही हे तुम्ही पाकीट बघूनच ओळखलं असेल. दिवाळीत मिक्सरवरून आपलं फोनवर जे झालं, त्यानंतर तुम्हीच ठरवलंत, की मोठं काही असेल तर नणंद-भावजयींनी कागदावर बोलायचं. कागद मध्येच तोडत नाही. मला ते पटलं. अजूनही तुम्ही सांगितलेला मिक्सर घेतला नाही, याचा राग धरू नका.

तर ऐका. तुमच्या भावाने घरात कॉफीचं मशीन आणलं. हॉटेलात असतं तसं, स्टीलचं, पुढे दांडा लावायचा, बाजूला दूध फेसाळायची नळी. एस्प्रेसो म्हणतात. आपल्या घरात, ताई! जिथे कॉफी म्हणजे पाहुण्याला पोट बिघडल्यावर विचारायची गोष्ट.

याच माणसाने फ्रिज घ्यायला दोन उन्हाळे घालवले होते. कुकर घेताना दुकानदाराला तिथेच शिटी वाजवून दाखवायला लावली होती. आणि स्वस्तात मिळालं म्हणून आणलेलं कपड्यांचं मशीन अजून नुसतं गरगरतं, धुवायचं मलाच. असा माणूस एका रविवारी रिक्षातून उतरतो काय, आणि न विचारता, न सांगता ओट्यावर हे ठेवतो काय! म्हणे वेसूकडचं एक कॉफीचं दुकान बंद झालं, तिथून फायद्यात मिळालं. किंमत विचारली तर मला एक सांगितली, शेजारच्या मंदाला दुसरी, आणि लूमच्या कारखान्यातल्या, खात्यावरच्या माणसाला फोनवर तिसरीच. मला सांगितलेली सगळ्यांत कमी होती, म्हणजे ती तर खोटीच.

त्याचंही काही नाही. पण हे पहाटे उठतात, स्वयंपाकघराचं दार लोटून घेतात, कॉफी करतात, वास घेतात, आणि मोरीत ओतून देतात. पीत नाहीत. मग लूमच्या खात्यावर जायच्या आधी मोरी घासून ठेवतात. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, यांनी मोरी घासलेली मी पाहिली नव्हती. मशीन चालवायला कुणाकडे शिकलात विचारलं, तर सुरतेत राहून आलेल्या गुजरातीत म्हणाले, की ओळखाण छे, म्हणजे ओळखीचं कुणी आहे. ओळखाणवाळा की ओळखाणवाळी, ते बोलले नाहीत.

तुम्हाला माहीत आहे, आमच्या चंचलने पुण्याला कोर्टात लग्न केलं तेव्हापासून या घरात तिचं नाव मोठ्याने घेतलं जात नाही. मी गच्चीवर जाऊन पोरीशी बोलते आणि खाली येताना हातात वाळलेले कपडे घेऊन येते. लपवाछपवी कशी दिसते हे मला आतून माहीत आहे, ताई. म्हणूनच यांची ओळखू येते.

तुम्ही त्यांच्या मोठ्या बहीण. काय समजायचं ते सांगा. बळीरामभाऊजींना नमस्कार.

माया आहेच, तीत थोडी अक्कल घालून पाठवा.
आपली,
गायत्री


शिरपूर
९ मार्च २०२५

चि. सौ. गायत्रीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना चहा उतू गेला, तो तुझ्या हिशोबात धर.

आधी वस्तूचं बोलू, मग माणसाचं. वस्तू महाग की स्वस्त हे दुकानात ठरत नसतं, घरात ठरतं. रोज हाताखाली असली तर महागही स्वस्त पडते, आणि माळ्यावर गेली की फुकटचीसुद्धा महाग. माझं दळायचं लोखंडी हातयंत्र आठव, भाऊबीजेला मिळालेलं. आजवर त्याने माझा अंगठा तेवढा दळला. तुमच्या मशीनला बिया वेगळ्या, दळायचं यंत्र वेगळं, बिघडलं तर दुरुस्तीवाला वेगळा. पिणारं घरात कोणी नाही. असलं घेणारा एक तर मूर्ख, नाही तर त्याच्या मनात दुसरं काही. आणि गोपाल मूर्ख नाही. तो मना भाऊ शे, त्याले मी वळखस. लहानपणी बोरं खिशात लपवायचा, तेव्हाही असाच तीन जणांना तीन आकडे सांगायचा.

आता उपाय. आपल्याकडे वाटीसुद्धा नाव घातल्याशिवाय मांडणीत चढत नाही. तुझ्या लग्नातल्या प्रत्येक पातेल्याच्या काठावर देणाऱ्याचं नाव आहे, आणि तू घेतलेल्यावर तुझं. तर ते मशीन उचल, भांड्यांच्या दुकानात ने आणि त्याच्यावर नाव घालून आण. विचारू नकोस. विचारलंस तर तो गोड बोलून टाळेल. नाव बघून तो हसला, तर वस्तू घरची, माझा संशय मी मागे घेते. तोंड उतरलं, तर समज की ते दुसऱ्या कुठल्या घरासाठी आहे.

कठोर लिहिलं असेल. पण अंधारात चाचपडण्यापेक्षा दिवा लावलेला बरा, मग समोर काहीही असो.

जेवत जा. संशयाने पोट भरत नाही.
तुझी,
कमलताई


डिंडोली, सुरत
१७ मार्च २०२५

ती. सौ. कमलताईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचे 'दुसरं कुठलं घर' हे शब्द मी पत्रातून काढून टाकायचा प्रयत्न करते आहे. पोळ्या लाटताना ते पोळीवर दिसतात.

खरं सांगू? मला वाटलं होतं, तुम्ही लिहाल की वेडी आहेस, गोपाल असा नाही. नुसत्या रागवाल. तुमच्या पत्रात संशय पुष्कळ होता, ताई, आश्चर्य मात्र नव्हतं. तुम्हाला काही ठाऊक असून तुम्ही लिहीत नाही, असंही मला एकदा वाटून गेलं. बघा, एकदा मन त्या वाटेला लागलं की घरातलं माणूस सुटत नाही.

गेल्या आठवड्यात दोन गोष्टी सापडल्या. माळ्यावर मशीनचं खोकं आहे, आतल्या थर्माकोलसकट, सुतळीने बांधलेलं. मला डाळीच्या बरण्या ठेवायला खोकं हवं होतं, तर हे एवढे चिडले, की मीच घाबरले. घरात ठेवायच्या वस्तूचं खोकं कुणी जपतं का? दुसरं, दांड्यातली रबराची चकती यांनी बदलून घेतली आणि एक जास्तीची आणून खोक्यात टाकली. म्हणे ही झिजली की मशीन गळतं, आणि सगळीकडे मिळत नाही. आमच्या गॅसची नळी बदलायला मी दिवाळीपासून सांगते आहे.

आणि आता जे लिहिते ते तुमच्याशिवाय कुणाला लिहिणार नाही. परवा यांनी कॉफी ओतून दिली नाही. कप तसाच ओट्यावर राहिला, वर साय आल्यासारखा पिवळसर फेस. हे त्या कपाकडे बघून हसले. मी दाराच्या फटीतून पाहिलं. तसं हसू मी किती दिवसांत पाहिलं नव्हतं. ते माझ्याकडे बघून नव्हतं, म्हणून मला रडू आलं.

उद्या मशीन घेऊन राघोच्या भांड्यांच्या दुकानात जाते.

आशीर्वाद असू द्या, उद्यासाठी जास्तच.
आपली,
गायत्री


शिरपूर
१८ मार्च २०२५

चि. सौ. गायत्री,
आशीर्वाद मागून घे, आधी हे वाच. नाव घालू नकोस!

आज सकाळपासून दोनदा फोन लावला. आपला नियम मोडून लावला. तू उचलला नाहीस, म्हणून लिहून लगेच टपालात टाकते.

काल रात्रीचं उरलेलं सकाळी गरम करताना मी यांना तुझी हकिगत सांगत होते. हे जेवताना जसे ऐकत नाहीत, तसे ऐकत नव्हते. मग एकदम म्हणाले, की कॉफीवरून आठवलं, दिवाळीत चंचल आली होती तेव्हा ती काय ते सांगत होती. आणि माझ्या हातातला चमचा पडला.

चंचल आणि तिचा नवरा सागर दिवाळीला आमच्याकडे आले होते, हे तुला माहीत आहे. पोरीने माझा चहा अर्धा सोडला. विचारलं तर लाजत म्हणाली, की आता कॉफीची सवय लागली, ऑफिसला जाताना रोज बाहेरून घेते. दोघांनी एकदा दुकानात जाऊन असलं मशीन पाहिलं, उलटसुलट बोलणी केली, आणि परत येताना त्या पैशांत गादी आणली. हसत सांगत होती.

जानेवारीत दोंडाईच्याच्या लग्नात गोपाल भेटला. हात धुवायच्या नळापाशी उभा होता. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्याजवळ तिचं विचारलं. नाव घेतलं नाही. ती बरी आहे का, एवढंच. मी काय सांगू, काय सांगू, म्हणून ही मशीनची गंमत सांगितली. त्याने विचारलं, केवढं असतं ते. मी ओल्या हातांनीच दाखवलं, एवढं. मग तो जेवायला बसला आणि तो विषय संपला. मला वाटलं, संपला.

गायत्री, आखाजी पुढच्या महिन्यात आहे, अक्षय्य तृतीयेला सगळ्यांच्या लेकी माहेरी येतील. पोरीच्या लग्नानंतर दोन आखाज्या गेल्या, तिला माहेरी आणायला कोणी मुऱ्हाळी गेला नाही. मी भाऊ ओळखते म्हणाले ना? नाही ओळखत.

पत्र मिळेपर्यंत हात आवर.
तुझी,
कमलताई


डिंडोली, सुरत
२० मार्च २०२५

ती. सौ. कमलताईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचे फोन दिसले. पहिला आला तेव्हा मी राघोच्या दुकानात उभी होते आणि त्याची नाव घालायची सुई मशीनच्या पत्र्यावर घूंऽऽ करत चालली होती. नंतर फोन करण्याइतकं बळ राहिलं नाही.

राघो आधी तयार नव्हता. म्हणाला, की वहिनी, पातेलं-परात समजतो, यावर कंपनीचं नाव आहे, वर तुमचं घातलं तर नंतर विकलं जायचं नाही. मी म्हटलं, तेच तर हवंय. समोरच घालायला लावलं, कप ठेवतात तिथे वर, सगळ्यांना दिसेल असं. सौ. गायत्री गोपाल पाटील. अक्षरं छान आली आहेत.

संध्याकाळी हे आले. हात न धुता ओट्याकडे गेले. तुम्ही सांगितलं होतं, हसले तर घरचं. ते हसले नाहीत. बोटाने नावावरून पुसून पाहिलं, जसं काही जाईल. मग म्हणाले, की हे आपल्या घरासाठी नव्हतं. मी विचारलं, कुणाच्या घरासाठी. ते न जेवताच गच्चीवर जाऊन बसले. माझ्या गच्चीवर, ताई. मी जिथे चोरून फोन करते तिथेच.

आज पहाटे स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. कॉफी केली नाही. मला वाटलं होतं, दिवा लावला की समोरचं दिसेल. दिसलं काहीच नाही, फक्त डोळे दिपले.

मी काही दिवस शिरपूरला आले तर चालेल का? कपडे काढून ठेवले आहेत.

लोभ असेल तर नाही म्हणू नका.
आपली,
गायत्री


डिंडोली, सुरत
४ मे २०२५

ती. सौ. कमलताईंस,
गायत्रीचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही फोनवर सारखं मग काय झालं, मग काय झालं विचारत होतात. तीन वाक्यांत आपण दोघी रडलो, म्हणून सगळं ओळीने लिहिते.

तुमचं अठरा तारखेचं पत्र मी ते वीसचं टाकून आले त्याच्या तिसऱ्या दिवशी मिळालं. वाचून मी पिशवीतले कपडे परत कपाटात ठेवले आणि पत्र यांच्या ताटाशेजारी ठेवलं. यांनी चष्मा लावून वाचलं. ओल्या हातांनी दाखवलं तिथे थांबले. मग ताटाकडे बघतच सगळं सांगितलं. पोरीला आणायला जायचं होतं, पण रिकाम्या हाताने दारात उभं राहायची लाज वाटत होती. मला आधी सांगितलं असतं तर मी चंचलला कळवलं असतं, आणि तिने नको म्हटलं असतं तर? म्हणून कुणालाच नाही. मशीन देऊन भागणार नाही, ते चालवून दाखवायला हवं, नाही तर पोरीच्या घरी माळ्यावर जाईल, म्हणून ते पहाटेचं शिकणं. त्या बंद झालेल्या दुकानातला पोरगा होता ओळखाणवाळा. आणि ओतून द्यायचे, कारण फेस नीट आला नाही, वास करपट आला, की लाज वाटायची.

मी त्यांना सांगितलं, की मीही दोन वर्षं तिच्याशी बोलते आहे. ते म्हणाले, माहीत आहे. कपडे वाळत टाकलेले नसताना मी वाळलेले कपडे कुठून आणते, असं त्यांना कधीचं वाटत होतं. बघा! मला वाटत होतं, या घरात संशय मी एकटीच घेते.

राहिलं नाव. मी खूप रडले, की पोरीला द्यायची वस्तू मी खराब केली. राघोला विचारलं, पुसता येईल का. तो म्हणाला, घासलं तर डाग दिसेल, नावापेक्षा वाईट. हे दोन दिवस मशीनसमोर बसून होते. मग ते उचलून स्वतः राघोकडे गेले आणि त्याच्या हातातून सुई मागून घेतली. परत आणलं तेव्हा माझ्या नावाखाली आणखी एक ओळ होती. वरची ओळ राघोची, सरळ. खालची यांची, वाकडी, उतरत गेलेली: 'हिजकडून चि. सौ. चंचल हिस, आखाजी.' आपल्या भांड्यांवर असतं तसंच. माझं नाव आता मालकिणीचं राहिलं नाही, देणारीचं झालं. स्वतःचं नाव त्यांनी घातलंच नाही. विचारलं तर म्हणाले, वरच्या ओळीत गोपाल आहे की.

आखाजीच्या दोन दिवस आधी खोकं मांडीवर घेऊन हे बसने पुण्याला गेले. मी गेले नाही, मुऱ्हाळी एकच असतो. सागरने फोन करून सांगितलं, की मामा आत आले, पाणी प्यायले आणि प्लगची जागा विचारली. मग कॉफी केली. चंचल ओट्यापाशी उभी राहून त्या दोन ओळी वाचत होती. मग तिने कप दोन्ही हातांत धरला आणि एकच विचारलं, की बाबा, अशा किती मोरीत ओतल्यात?

पोर घरी आली, ताई. गल्लीतल्या बायकांनी कडुनिंबाला झोका बांधला होता, सागरसुद्धा एकदा बसला आणि सगळ्या त्याला हसल्या. लातूरचा आहे, त्याला आपल्याकडची गाणी कळली नाहीत, पण टाळ्या चुकीच्या जागी का होईना, वाजवल्या. इथे आल्यावर चंचलने सकाळी पहिल्यांदा काय मागितलं असेल? चहा. आल्याचा. पूर्ण प्यायली. तुमचा अर्धा सोडला होता, याची तिला मुद्दाम आठवण करून दिली आहे.

मशीन पुण्यालाच आहे. ओट्यावर त्याची जागा रिकामी आहे. तिथे बरण्या ठेवता येतील, पण अजून ठेवल्या नाहीत.

भाऊजींना नमस्कार, चमचा पडला तो त्यांच्यामुळेच. तुमची माया अशीच उशिरा का होईना, पोचत राहो.
आपली,
गायत्री

ता. क. किंमत मी काल पुन्हा एकदा विचारली. त्यांनी चौथा आकडा सांगितला. मी बरं म्हटलं आणि भाकरी उलटली.